सिंडरेला ठाऊक असली, तरी ‘सिंडर’ वाचावीच

मारिसा मेयर यांच्या ‘द लूनर क्रॉनिकल्स’ या जुन्या परीकथा भविष्यकाळात नव्याने सांगणाऱ्या कादंबरीमालिकेबद्दल असा आक्षेप घेतला जातो की, मूळ परीकथा ठाऊक असल्यामुळे पुढे काय होणार याची उत्सुकता राहत नाही. ‘सिंडर’ (2012) या पहिल्या भागापुरता तो बराचसा मान्य करावा लागेल, कारण नायिकेच्या जन्माचे रहस्य जाणत्या वाचकाला फार लवकर उमगते. परंतु या मालिकेचे खरे बळ रहस्यात नसून, जुन्या कथेतील प्रत्येक खूण नव्या जगात कोणते काम करते यात आहे. भविष्यातल्या न्यू बीजिंग शहरात यंत्रदुरुस्ती करणारी सिंडर सायबॉर्ग, म्हणजे अंशतः माणूस आणि अंशतः यंत्र, आहे, म्हणून कायद्याने ती सावत्र आईच्या मालकीची ठरते. आणि राजवाड्याच्या पायऱ्यांवर तिची काचेची चप्पल नव्हे, तर मापाला लहान पडणारे धातूचे पाऊलच निखळते. तिने लपवलेले सत्य त्या एका क्षणात उघडे पडते, आणि हा बदल मला अतिशय अर्थपूर्ण वाटतो.

‘स्कार्लेट’ हा दुसरा भाग ठीक आहे. ‘क्रेस’ या तिसऱ्या भागात मात्र रॅपन्झेलच्या कथेतील मनोऱ्याच्या जागी उपग्रह येतो आणि त्यात कोंडलेली मुलगी निष्णात हॅकर असते, त्यामुळे तिचा एकटेपणा आणि तिचे कौशल्य एकाच परिस्थितीतून उगवलेले दिसते. ‘विंटर’ (2015) ही चौथी कादंबरी पसरट झाली आहे. तरीही इतरांच्या मनावर ताबा मिळवण्याची शक्ती वापरायची नाही असे ठरवून, त्यापायी भिंतींतून रक्त वाहण्याचे भास सोसणारी राजकन्या किशोरवयीन वाचकांना अवश्य भेटावी.