मदत हवी आहे: सिझर लिफ्ट की बूम लिफ्ट? (तातडीचे)

वायरमन_दादा: हॉलच्या छतातले लाइट बदलायचेत, उंची 32 फूट. माणसाला वर नेणारं मशीन भाड्याने घ्यायचंय. सिझर (कात्रीसारखी उघडत वर जाणारी) घेऊ की बूम (लांब हाताच्या टोकाला माणसाची बास्केट असलेली)? दोन्हींची कोटेशनं आलीत, संध्याकाळपर्यंत कळवायचंय. कृपया शिडी सुचवू नये.

फाउंड्रीवाला: डोळे झाकून सिझर. आमच्या शेडमध्ये तीच चालते. बॅटरीवरची घ्या, नॉन-मार्किंग टायरची, नाहीतर फरशीवर काळे पट्टे उठतात. आणि कोटेशनमधली उंची प्लॅटफॉर्मची की वर्किंग, ते बघा. वर्किंग हाइटमध्ये माणसाचे साधारण 2 मीटर धरलेले असतात. 26 फुटी प्लॅटफॉर्मवर तुमचं भागेल.

मिस्त्री_रत्नागिरी: कशाला ती मशीनं? परांची बांधा. आम्ही देवळाचा कळस बांबूवर रंगवलाय.

साइट_इंजिनिअर: खाली काय आहे? फरशी, माती, तळघर? दार केवढं?

वायरमन_दादा: खाली खुर्च्या आहेत. नाट्यगृह आहे.

साइट_इंजिनिअर: अहो, हे पहिल्या ओळीत हवं होतं!

फाउंड्रीवाला: खुर्च्या काढा.

वायरमन_दादा: बोल्टने ठोकलेल्या 600 खुर्च्या? शनिवारी प्रयोग आहे. जमीनही उतरती आहे.

साइट_इंजिनिअर: मग सिझरचा विषय संपला. ती फक्त सरळ वर जाते आणि थोडी कलली की अलार्म देऊन उचलणंच बंद करते. बऱ्याच मॉडेलांना बाजूला दीड अंशसुद्धा चालत नाही. कोपरात वाकणारी बूम खुर्च्यांवरून पलीकडे पोचेल. जीनी कंपनीची झेड-45/25 घ्या, 45 फूट प्लॅटफॉर्मची उंची, 25 फूट आडवी पोच. पण वजन सहा-सात टन. लाकडी स्टेजवर ती चढवायचा विचारही करू नका.

फाउंड्रीवाला: आमची सिझर उतारावरही चालते.

साइट_इंजिनिअर: चालते हो, खाली मिटलेली असताना. माणूस वर घेऊन नाही.

आजीचा_नातू: आमच्याकडे दोन मजल्यांचं घर आहे, आजीसाठी हायड्रॉलिक लिफ्ट बसवली. खड्डाही फार खोल लागला नाही. कोणाला माहिती हवी असल्यास विचारा.

नाट्यवेडा: कुठलं नाट्यगृह? लाइटआधी एसी बघा म्हणावं. दुसऱ्या अंकापर्यंत शर्ट पाठीला चिकटतो.

प्रकाशयोजना_वाला: सिलिंगच्या वर कॅटवॉक, म्हणजे चालायची अरुंद वाट, आहे का? तिथून बरेच लाइट वरूनच काढता येतात, मशीन लागतच नाही.

वायरमन_दादा: आहे, पण पुढच्या अर्ध्या भागावरच. मागे नुसतं सिलिंग.

प्रकाशयोजना_वाला: मग पुढचे आजच वरून उरका. मागच्यांसाठी स्पायडर लिफ्ट विचारा. रणगाड्यासारख्या, पण बारीक पट्ट्यांवर चालते, काही मॉडेल 80 सेंमी दारातून आत येतात. चारही पाय वेगवेगळे खाली-वर होतात, त्यामुळे उतारावर पाय टेकून मशीन लेव्हलला येतं. पायांपुरत्या काही खुर्च्या मात्र काढाव्या लागतील.

मिस्त्री_रत्नागिरी: परांचीला एकही खुर्ची काढावी लागत नाही.

साइट_इंजिनिअर: आणि बांधायला-सोडायला शनिवार उजाडतो. दादा, पायांखाली लाकडी पाट घाला. हार्नेसचा (अंगावरच्या सेफ्टी पट्ट्याचा) हूक बास्केटमधल्या अँकरलाच लावायचा, छताच्या अँगलला लावून बसू नका.

वायरमन_दादा: दार मोजलं, 92 सेंमी, म्हणजे बूम आत येणारच नाही. दोन्ही कोटेशनवाल्यांना नकार कळवला. पुण्यात स्पायडर कोणाकडे मिळेल?

फाउंड्रीवाला: भाडं ठरवताना ट्रेलर आणि ऑपरेटर धरलाय का विचारा, ते नंतर वेगळं लावतात. सिझरला एवढं काही नसतं.