ईसीयू बोनेटखाली, ३५०० आरपीएमच्या पुढं गाडी झटके देते

एस्टीम_एमएच११ (सातारा)
कार्ब्युरेटरच्या जुन्या एस्टीमला इंजेक्शनचं मॅनिफोल्ड आणि स्टँडअलोन ईसीयू (इंजेक्शन आणि स्पार्क सांभाळणारा वेगळा कॉम्प्युटर) बसवलाय. क्रँक पुलीवर ३६ उणे १ दात्यांची चकती (३६ पैकी एक दाता गाळलेला), दोन वायरींचा मॅग्नेटिक सेन्सर. आयडलिंग एकदम मस्त. यवतेश्वरचा घाट चढताना ३५०० च्या पुढं गेलं की झटके, आणि लॅपटॉपवर आरपीएम क्षणभर ९००० दिसतं. ईसीयू बॅटरीशेजारी मडगार्डच्या पत्र्यावर, अर्थ तिथंच स्क्रूनं बॉडीला. सेन्सरची वायर इग्निशन कॉइलच्या वायरींबरोबर एकाच टेपात. फ्युएल मॅप (किती पेट्रोल सोडायचं त्याचा तक्ता) बदलून बघितला, फरक शून्य. सेन्सर बदलू का?

कुपवाड_वायरिंग (सांगली)
सेन्सरही नको, मॅपलाही हात नको. ते ९००० इंजिनाचं नाही, कॉइलच्या नॉइजचं आहे. कॉइल फायर झाली की शेजारच्या सेन्सर वायरीत जादा पल्स शिरतो, ईसीयूला तो दाता वाटतो, मोजणी चुकते आणि सिंक (क्रँकच्या स्थितीशी मेळ) जातो.

पीळ घातलेल्या दोन वायरींची शील्डेड केबल घ्या, वाट वेगळी ठेवा. कॉइलच्या वायरींपासून वीतभर लांब. ओलांडावीच लागली तर काटकोनात. शील्डची जाळी फक्त ईसीयूकडं जोडा, सेन्सरच्या टोकाला कापून वर हीटश्रिंक (गरम केली की आवळणारी नळी). दोन्ही टोकं अर्थ केली की जाळीतूनच करंट वाहतो. प्लगही बघा: एनजीकेच्या नंबरात 'आर' नसेल तर रेझिस्टरवाले टाका.

आता अर्थ. पत्र्यात पिळलेला स्क्रू म्हणजे अर्थ नव्हे, तो पावसाळ्यात गंजणार. ईसीयूच्या पॉवर अर्थच्या सगळ्या वायरी इंजिन हेडवर एकाच बोल्टला, रंग खरवडून. थ्रॉटल आणि टेंपरेचर सेन्सरचे अर्थ मात्र ईसीयूच्या सेन्सर अर्थ पिनलाच, बॉडीला अजिबात नाही. रेडिएटर फॅन सुरू होताना टेंपरेचरचा आकडा एकदम उडी मारत असेल, तर इथंच घोळ आहे असं समजा.

मिरज_जंक्शन
जागाही चुकली. बोनेटखाली उष्णता, पाणी, थरथर, तिन्ही आलं. ईसीयू वॉटरप्रूफ नसेल तर ग्लोव्हबॉक्सच्या मागं न्या, रबर बुशवर. एसीच्या कूलिंग कॉइलखाली नको, तिथं पाणी ठिबकतं. कनेक्टरचं तोंड खाली आणि वायरींना आधी एक झोल, म्हणजे वायरीवरून आलेलं पाणी झोलातच गळतं. फायरवॉलच्या भोकाला रबर ग्रोमेट हवाच, नाहीतर पत्र्याची धार इन्सुलेशन सोलते. मॅप सेन्सर (मॅनिफोल्डमधला दाब मोजणारा) ईसीयूच्या आत असेल तर त्याची नळी मॅनिफोल्डकडून चढती ठेवा. झोल पडला की त्यात पेट्रोल साठतं.

एस्टीम_एमएच११ (सातारा)
फॅन लागला की टेंपरेचर ५ अंशांनी हलतं! आजच अर्थ सोडवतो. जोड सोल्डर करू का? आणि सप्लाय कुठून घेऊ?

कुपवाड_वायरिंग (सांगली)
सापडलं की मग! सोल्डर टाळा. तांब्याचे धागे जिथं सोल्डर शोषतात तिथं वायर कडक होते आणि तिच्या कडेलाच थरथरीनं तुटते. नीट क्रिंप (टर्मिनल वायरीवर दाबून बसवणं) आणि वर गोंदवाली हीटश्रिंक. क्रिंपरवर पैसे वाचवू नका राव.

सप्लाय बॅटरीवरून फ्यूज आणि मेन रिलेमार्गे. रिलेची कॉइल अशा इग्निशन वायरीवर घ्या जी स्टार्टर मारतानाही जिवंत राहते. ॲक्सेसरीची वायर त्यावेळी मरते. रिलेत डायोड नसेल तर रिलेच्या कॉइलवर १एन४००७ डायोड लावा, पट्ट्याची बाजू पॉझिटिव्हला. उलटा लागला तर फ्यूज उडेल.

झाल्यावर मल्टिमीटर डीसीवर ठेवा: काळी प्रोब बॅटरीच्या निगेटिव्हवर, लाल ईसीयूच्या अर्थ पिनवर, आणि कुणालातरी स्टार्टर मारायला सांगा. ०.२ व्होल्टच्या वर गेलं तर जोड परत उघडा.

मिरज_जंक्शन
शेवटी टायमिंग सॉफ्टवेअरमधून १० अंशांवर लॉक करा आणि पुलीच्या खुणेवर टायमिंग लाइट मारून रेस द्या. आरपीएम वाढेल तशी खूण सरकत गेली तर सेन्सरच्या दोन वायरी उलट्या आहेत, अदलाबदल करा. बॉडीला कुठं वेल्डिंग करायचं असेल तर आधी ईसीयूचा कनेक्टर काढा, नुसती बॅटरी सोडून भागत नाही.