मदत हवी आहे: बाबांच्या कमरेचा एमआरआय आत्ताच करावा का?

नमस्कार. आम्ही देवगड तालुक्यातले, हापूसची बाग आहे. बाबा 63 वर्षांचे. 24 दिवसांपूर्वी टेम्पोत पेट्या चढवताना त्यांच्या कमरेत उसण भरली. आता कंबर बरी आहे, पण कळ डाव्या पायात पार पोटरीपर्यंत उतरते. रात्री कूस बदलताना कण्हतात, दिवसा मात्र ‘माका काय एक झाला नाय’ चालूच. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि एमआरआय करून या म्हणाले.

जवळच्या सेंटरला 0.4 टेस्लाचं (टेस्ला म्हणजे चुंबकाच्या ताकदीचं माप) मशीन आहे, 4500 रुपये सांगतात. कोल्हापूरला 1.5 टेस्ला, 6500. त्यात गाडीभाडं, शिवाय गगनबावड्याच्या घाटात त्यांचे हाल. महात्मा फुले योजनेत फक्त दाखल रुग्ण बसतो, असं आरोग्यमित्रांनी सांगितलं.

पण पैशापेक्षा मला वेगळीच धास्ती आहे. माझ्या आत्याच्या एमआरआयमध्ये ‘डिस्क बल्ज’ आलं, म्हणजे मणक्यांमधली चकती थोडी फुगलेली. त्या दोन शब्दांनी ती इतकी घाबरली की वर्षभर वाकलीच नाही, अंगण झाडणंसुद्धा सोडलं. शेवटी व्यायामानेच बरी झाली. रिपोर्ट वाचून बाबा बागेत जायचे बंद झाले तर खचतील.

एमआरआयने त्यांचे उपचार खरंच बदलणार आहेत का? 2009 साली उजव्या मांडीत रॉड घातलाय, तो चालतो का?

प्रतिसाद

मी फिजिओथेरपिस्ट आहे, रत्नागिरीत. रिपोर्ट काहीही आला तरी गोळ्या आणि व्यायामच चालू ठेवणार का, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा. 1994 साली अमेरिकेत पाठदुखी नसलेल्या 98 जणांचे एमआरआय काढले होते. त्यातल्या 52 टक्के लोकांत निदान एका चकतीला बल्ज होतं! अशी कळ बहुतेकांची सहा आठवड्यांत बरीच उतरते, म्हणून तोवर सहसा थांबतात.

पण लघवी अडली किंवा कळेनाशी झाली, बैठकीची जागा बधिर झाली, पायातली ताकद कमी झाली, ताप आला, वजन विनाकारण उतरलं किंवा आधी कॅन्सर झालेला असेल, तर थांबायचं नाही. पायातली ताकद कळायला आजच त्यांना टाचांवर चालवून बघा. मांडीतला रॉड सहसा आड येत नाही, फक्त ऑपरेशनचा कागद सोबत न्या आणि टेक्निशियनला आधी सांगा. करायचाच झाला तर 1.5 वर करा, बारीक नसा त्यात स्पष्ट दिसतात.

धागाकर्ता

आत्ताच खळ्यात चालवलं. उजवा पंजा नीट उचलला जातो, डावा अर्ध्यातच खाली पडतो. दोनदा बघितलं. इतके दिवस ते चप्पल फरफटत चालायचे, मला वाटलं दुखतंय म्हणून.

डॉक्टरांना फोन केला, ते म्हणाले उद्याच एमआरआय करा, थांबू नका. पहाटे कोल्हापूरला निघतोय. घाटात त्यांना मागच्या सीटवर आडवं झोपवून नेलं तर बरं, की बसवून? कोणी असं पेशंट नेलं असेल तर रात्रीतच सांगा.