मदत हवी आहे : शेवाळाचे डाग राखून टेक्स्चर भिंतीवर कसे बसवावे?

पणजीतील फोंताईन्हास भागातल्या जुन्या घरांच्या छायाचित्रांवर, पावसाळ्यात शेवाळलेल्या चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) भिंतीचे टेक्स्चर, म्हणजे पृष्ठभागाच्या पोताचे छायाचित्र, चढवण्याचे काम मी सध्या गिम्प या मोफत चित्र-संपादन सॉफ्टवेअरमध्ये करत आहे. वरचा लेयर (थर) खालच्या चित्रात मिसळण्याच्या पद्धतींपैकी मल्टिप्लाय मोडमध्ये पिवळ्या भिंती काळवंडतात, कारण तेथे शुद्ध पांढऱ्याखेरीज प्रत्येक छटा खालचे चित्र गडदच करते. ओव्हरलेमध्ये खिडक्यांच्या पांढऱ्या कडांमधला तपशील उडतो. टेक्स्चर कृष्णधवल करून सॉफ्ट लाइट मोड आणि सुमारे ३०% अपारदर्शकता ठेवल्यावर रंग सांभाळले गेले. आकाश, दारे व कौले लेयर मास्कने (लेयरचा नको तो भाग झाकून) वगळली आहेत, तो भाग ठीक आहे.

खरी अडचण पुढे आहे. टेक्स्चरची सरासरी ५०% करड्या छटेवर (सॉफ्ट लाइटमध्ये ही छटा खालचे चित्र बदलत नाही) आणण्यासाठी हाय पास फिल्टर, म्हणजे बारीक तपशील ठेवून मोठे उजेड-अंधाराचे फरक काढणारा फिल्टर, वापरला, तर चिऱ्याची छिद्रे उठून दिसतात, पण शेवाळाचे मोठे डाग, ज्यांच्यासाठी हा सारा खटाटोप आहे, तेच पुसले जातात. फिल्टर वगळला, तर टेक्स्चरमधील असमान प्रकाशामुळे भिंतीची एक बाजू उगाचच काळी पडते.

मूळ छायाचित्रे ६०००×४००० पिक्सेलची असून छपाई ए३ मॅट कागदावर ३०० पीपीआयने (दर इंचाला ३०० पिक्सेल) करायची आहे. सशुल्क सॉफ्टवेअर नको, आणि तयार टेक्स्चरेही नकोत (आपल्या चिऱ्याची सर त्यांना येत नाही).

तर, डाग आणि छिद्रे दोन स्वतंत्र लेयरवर घ्यावीत काय, घेतल्यास प्रत्येकासाठी हाय पासची त्रिज्या साधारण किती ठेवावी, आणि तिरकस दिसणाऱ्या भिंतीसाठी पर्स्पेक्टिव्ह टूल (चित्र भिंतीच्या कोनानुसार तिरके करणारे साधन) हाय पास फिल्टरच्या आधी वापरावे की नंतर?