मानकांच्या संपादनाचं कंत्राट: दर बघायचा की काम?

अर्धविराम
आरएफसी (‘रिक्वेस्ट फॉर कॉमेंट्स’) ही दस्तऐवजांची मालिका १९६९ पासून चालू आहे; इंटरनेटची मानकं तिच्यातच प्रसिद्ध होतात. संगणकतज्ज्ञ जॉन पोस्टेल यांनी ती १९९८ मध्ये त्यांचं निधन होईपर्यंत सांभाळली, आणि ते ज्या संशोधन संस्थेत होते तिच्याकडेच संपादन २००९ अखेरपर्यंत राहिलं. त्यानंतर हे काम कंत्राटाने दुसऱ्या कंपनीकडे गेलं. अशा कामाची निविदा काढताना दराला किती वजन द्यावं?

माझ्या मते सगळ्यात कमी. एखादी आरएफसी, म्हणजे या मालिकेतला एक दस्तऐवज, एकदा प्रसिद्ध झाली की तिचा आशय बदलत नाही. चूक निघालीच तर वेगळी शुद्धिपत्र-नोंद होते, मूळ मजकूर तसाच राहतो. जगभरचे प्रोग्रामर त्यावरूनच कोड लिहितात.

बाइटबहाद्दर
मान्य नाही. मसुदा लिहिणारे तज्ज्ञ, तपासणारा कार्यगट (मानक ठरवणारा गट) तज्ज्ञ. संपादकाकडे उरतात स्वल्पविराम आणि संदर्भसूची. त्यासाठी चढा दर कशाला? शिवाय ‘गुणवत्तेचे गुण’ म्हटलं की वशिल्याला दार उघडं. दर निदान सगळ्यांना दिसतो.

अर्धविराम
स्वल्पविरामच? आरएफसी २११९ (१९९७) मध्ये मस्ट (केलंच पाहिजे), शुड (करावं), मे (केलं तरी चालेल) या शब्दांना ठरलेले अर्थ आहेत. मसुद्यात आलं ‘सेंडर मे नॉट इन्क्लूड धिस फील्ड’. आता हे फील्ड (संदेशातला रकाना) घालायला बंदी आहे, की ते नसलं तरी चालेल? त्या यादीत ‘मे नॉट’ नाहीच. लेखकाच्या डोक्यात अर्थ पक्का असल्याने त्याला हे खटकत नाही, कार्यगटानेही वीस वेळा वाचून डोळे मेलेले असतात. चांगला संपादक तिथे थांबून लेखकाला विचारतो. वाईट संपादक स्वतःच ‘मस्ट नॉट’ करून टाकतो, आणि ते जास्त घातक.

वशिल्याचं म्हणाल, तर सगळ्या बोलीदारांना एकच मसुदा द्या आणि नावं झाकून तपासा. कुणी काय दुरुस्त केलं यापेक्षा कुणी काय विचारलं याला गुण द्या.

तिरकस
दराचं सोडा, दंडाच्या कलमाचं बोला. प्रकाशनाआधीच्या लेखक-तपासणीचं नाव ऑथ४८, म्हणजे ४८ तास. प्रत्यक्षात कित्येकदा आठवडे जातात, कारण पाचांतला एक लेखक नोकरी बदलून गायब झालेला असतो. त्या उशिराचा दंड कंत्राटदाराला लावलात तर तो शंका विचारणंच बंद करील. कागद त्याच्या टेबलावर असेल तेवढेच दिवस मोजा.

पानोपानी
आणि पैसे पानामागे देऊ नका! फुगलेला मसुदा आटोपशीर करायला सांगणारा संपादक स्वतःचंच बिल कापतो. (मी पानामागे काम केलंय. मोह होतो.) नुसता मासिक ठोक दरही पुरत नाही. वेबआरटीसीचे (ब्राउझरमधून थेट आवाज-व्हिडिओ संभाषणाचं तंत्र) मसुदे एकमेकांच्या संदर्भांत अडकून वर्षानुवर्षं रांगेत होते, ते जानेवारी २०२१ मध्ये गठ्ठ्याने बाहेर पडले. अशा महिन्यासाठी जादा माणसं कुठून आणणार, हे निविदेतच विचारा.

बाइटबहाद्दर
नावं झाकून चाचणी ठीक आहे, तेवढं घेतो. पण जुन्या कंत्राटदाराला शैलीपुस्तिका तोंडपाठ, आतली सगळी साधनं त्याच्या हातची. नव्याचे गुण पहिल्याच फेरीत कापले जाणार आणि दर पाच वर्षांनी तोच जिंकणार. मग निविदेचं नाटक कशाला?

अर्धविराम
म्हणून साधनं, रांगेची नोंद आणि जुना पत्रव्यवहार कंत्राटदाराच्या नव्हे, काम देणाऱ्याच्या मालकीचा असावा. शैलीपुस्तिका चाचणीआधी सगळ्यांच्या हाती द्या. कंत्राट बदललं तर काही महिने जुना-नवा दोघांनी मिळून काम करावं, आणि त्याचे पैसे आधीच धरून ठेवावेत.

बाइटबहाद्दर
म्हणजे ते काही महिने दोघांना पगार! आणि हे म्हणे दराला वजन न देणारे. तो खर्च धरून एकूण आकडा मांडा, मग बोलू.