प्रेसच्या पेजवर बाबांचा काळोखातला फोटो टाकला, त्यावरून घरात आणि बाजारात वाद. ठेवावा की काढावा?

रावपुऱ्याची_लेक

नमस्कार मंडळी, मोठं लिहितेय, वाचा प्लीज.

आम्ही बडोद्याचे. रावपुऱ्यात आमचा छोटा छापखाना आहे, आजोबांनी काढलेला, आता बाबा बघतात आणि कॉलेज झाल्यापासून मी पण तिथेच. लग्नाच्या पत्रिका, गुजराती गिऱ्हाइकांच्या कंकोत्र्या म्हणजे त्यांच्या लग्नपत्रिका, बिलबुकं, व्हाउचर पॅड, मंडळांची पावतीपुस्तकं, हे आमचं काम. बिलबुकांचं काम २०१७ च्या जुलैत जीएसटी आल्यावर आधी वाढलं, सगळ्यांना नवीन नंबर छापून हवा होता, आणि मग जो तो कॉम्प्युटरवर बिल काढायला लागला तसं बसतच गेलं. पत्रिकांचं म्हणाल तर २०२० मध्ये लग्नाला पन्नासच माणसं अशी मर्यादा आली तेव्हा लोकांना व्हॉट्सअ‍ॅपवर पत्रिका पाठवायची सवय लागली ती लागलीच. आता गिऱ्हाईक येतं आणि म्हणतं पन्नास छापा, देवाला आणि मोठ्यांना द्यायला, बाकी पीडीएफ करून द्या.

तर फोटो. मागच्या खोलीत एकच खिडकी आहे पश्चिमेची, तिच्यासमोर आमचं जुनं ट्रेडल, म्हणजे पायाने चालवायचं छपाईचं मशीन. संध्याकाळी बाबा मशीनच्या मोठ्या चाकावर हात ठेवून उभे होते, काही करत नव्हते, नुसते उभे. मी फोनवर खिडकीच्या उजेडावर बोट दाबून धरलं आणि ब्राइटनेस खाली ओढला. त्यामुळे चाक, शाईची गोल तबकडी, बाबांचा वाकलेला खांदा, कपाळावर सरकवलेला चष्मा, सगळं काळं ठिक्कर आणि मागे नारिंगी उजेड. चेहरा अजिबात दिसत नाही. खाली दोनच शब्द लिहिले, "पुढे काय?" बाबांना दाखवला, ते म्हणाले टाक. म्हणून प्रेसच्या पेजवर आणि स्टेटसला टाकला.

हे लाभपाचमीनंतर, म्हणजे तुळशीच्या लग्नाच्या तोंडावर, सीझन उघडतो तेव्हा. दुसऱ्याच दिवशी एक पार्टी आली, पत्रिकेचा अ‍ॅडव्हान्स परत मागायला. कागदवाल्याने निरोप पाठवला की पुढचे रीम रोखीने न्या. आणि पुण्याहून दादाचा फोन, की तू बाबांची अब्रू चव्हाट्यावर मांडलीस, आत्ताच्या आत्ता काढ.

मी काढलेला नाही. मला तो फोटो खरा वाटतो. सगळे धंदेवाले पेजवर फुगे आणि ऑफर टाकतात, आतून काय चाललंय ते कोणी सांगत नाही. आम्ही एकदा सांगितलं तर काय चुकलं? तुमचं मत सांगा, विरोधी असलं तरी.

मकरपुरा_ट्रेडर

ताई, स्पष्ट लिहितो. काढ. आजच काढ.

मी कागदात नाही पण माल उधारीवरच देतो-घेतो. बाजारात पैसा कमी आणि भरवसा जास्त फिरत असतो. तुमचा कागदवाला तीस दिवस थांबतो तेव्हा तो तुम्हाला तीस दिवसांचं बिनव्याजी भांडवल देत असतो, बँकेत कुठलाही कागद न लिहिता. त्याने स्टेटस बघितलं आणि मनात आलं की हे बंद करणार. तो एकटाच बघत नाही, प्लेटवाला बघतो, बाइंडिंगवाला बघतो, कार्डांचा होलसेलवाला बघतो. एकाने रोख मागितली की बाकीचे त्याच आठवड्यात मागतात. चालू असलेला धंदा असा बसतो, तोट्याने नाही, सगळ्यांनी एकदम हात आखडल्याने.

आणि गिऱ्हाइकाचा विचार कर. ज्याच्या मुलीचं लग्न तोंडावर आहे त्याला तुमच्या मनातली घालमेल नकोय, त्याला मुहूर्ताच्या आधी पत्रिका हातात हवी. त्याने अ‍ॅडव्हान्स मागितला तर त्याचा काय दोष?

फतेहगंज_कॅमेरा

फोटो म्हणून बोलतो, कारण फोटोवर कोणी बोललं नाही.

अशा फोटोत एक्स्पोजर उजेडाचं धरलं की माणसाचा फक्त आकार उरतो. आकारात वय दिसतं, थकवा दिसतो, पण माणूस कोण ते दिसत नाही, आणि ती रिकामी जागा बघणारा स्वतःच्या मनातलं घालून भरतो. कागदवाल्याने तिथे बुडीत उधारी बघितली, दादाने अब्रू बघितली, तुम्ही वडिलांची काळजी बघितली. फोटो तोच. म्हणून धंद्याच्या पेजवर हा प्रकार धोक्याचा, आणि खाली प्रश्नचिन्ह टाकलंत म्हणजे उरलीसुरली दारं पण उघडी केलीत.

आपल्याच गावात चित्रकार-फोटोग्राफर ज्योती भट्ट आहेत. त्यांनी साठच्या दशकाच्या शेवटापासून गुजरात, राजस्थान आणि इतर ठिकाणी फिरून खेड्यातल्या भिंतींवरची चित्रं, रांगोळ्या, गोंदणं यांचे फोटो काढले. ती कला नाहीशी होत होती हे त्यांना दिसत होतंच, म्हणून तर ते काढत होते. पण त्या फोटोंत रेषा दिसते, भिंत दिसते, चितारणाऱ्या बाया दिसतात. जे जाणार आहे ते नीट दिसलं पाहिजे असं मला वाटतं. तुमच्या बाबांचे हात दाखवा ना, खिळे म्हणजे छपाईची धातूची अक्षरं जुळवताना. बोट खिडकीवर न ठेवता त्यांच्या हातावर ठेवा, खिडकी पांढरी झाली तर होऊ दे.

रावपुऱ्याची_लेक

@फतेहगंज_कॅमेरा दादा, काळा मी मुद्दाम ठेवला. चेहरा दाखवला असता तर लोकांनी चेहऱ्याची कीव केली असती, बिचारे काका किती उतरले, असं. बाबांना ते सहन झालं नसतं आणि मला पण. उलट असं झालं की ते कोणीही असू शकतात, रावपुऱ्यातला कुठलाही दुकानदार. आमच्या गल्लीतल्या दोघांनी तो फोटो स्वतःच्या स्टेटसला ठेवला, एक घड्याळं दुरुस्त करणारा आणि एक शिंपी.

@मकरपुरा_ट्रेडर तुमचं म्हणणं कळलं पण पटलं नाही. कागदवाल्याला भीती वाटली तर त्याने फोन करून विचारावं, पंधरा-वीस वर्षांचा संबंध आहे, निरोप कसला पाठवायचा?

दांडियाबझारच्या_काकू

मी सहसा लिहीत नाही पण आज लिहिते. मुली, फोटो अजिबात काढू नकोस.

आमचं स्टेशनरीचं दुकान होतं. यजमान रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून, देवाला नमस्कार करून जायचे आणि रात्री तसेच हसत यायचे. दुकान कधीपासून तोट्यात होतं ते मला कधी कळलं? दारात वसुलीचा माणूस उभा राहिला तेव्हा. माझ्या पाटल्या गहाण आहेत हेही तेव्हाच कळलं, मला वाटत होतं त्या बँकेच्या लॉकरमध्ये आहेत. त्यांनी फसवलं असं मी आजही म्हणत नाही. बाजारात कळू नये म्हणून ते घरातही बोलले नाहीत, आणि घरात बोलले नाहीत म्हणून कोणालाच काही करता आलं नाही. मुलगा तेव्हा नोकरीला होता, त्याला वेळेवर सांगितलं असतं तर निम्मं दुकान भाड्याने देऊन निभावलं असतं. दोन वर्षं आधी बोलले असते तर. तीच दोन वर्षं व्याजात गेली.

वरच्या भाऊंनी भरवशाचं लिहिलं ते बाजाराचं बरोबर असेल. पण तो भरवसा टिकवायला माणूस आतून संपतो त्याचा हिशोब कोणत्या वहीत मांडायचा? या मुलीच्या बाबांनी टाक म्हटलं. त्या पिढीच्या माणसाने टाक म्हणणं ही लहान गोष्ट नाही. दादा पुण्यात बसून अब्रूचं बोलतो, त्याला म्हणावं आठ दिवस सुट्टी काढून ये आणि प्रेसमध्ये बस.

मकरपुरा_ट्रेडर

काकू, तुमचं वाचून वाईट वाटलं, मनापासून. पण तुम्ही घरात बोलण्याचं सांगताय आणि मी बाजारात बोलण्याचं. घरात जरूर बोलावं, वही उघडून, मुलगा-सून सगळ्यांना बसवून. सप्लायरला पण सांगावं, मी तर म्हणतो स्वतः जाऊन समोर बसून सांगावं की शेठ, दोन महिने ओढाताण आहे, पंधरा दिवस जास्त द्या. मी सप्लायर म्हणून अशा माणसाला माल देतो. पण मला स्टेटसवरून कळलं तर मी देत नाही, कारण मग मला वाटतं की माझ्याशी बोलायची याची तयारी नाही.

सयाजीगंज_वाचक

इथे एक जुनी गोष्ट आठवते. दादासाहेब फाळके आपल्या बडोद्याच्या कलाभवनात शिकले. नंतर गोध्र्याला फोटो स्टुडिओ काढला, पण प्लेगमध्ये बायको आणि मूल गेलं आणि ते परत बडोद्याला आले. इथे फोटोचा धंदा टाकला तर अफवा पसरली की कॅमेरा अंगातली शक्ती शोषून घेतो आणि माणूस मरतो. धंदा बसला. मग नाटकाचे पडदे रंगवले, पुढे स्वतःचा छापखाना काढला, भागीदारांशी पटलं नाही म्हणून तोही सोडला. आणि १९१३ ला राजा हरिश्चंद्र. तेव्हा एक धंदा बंद पडला म्हणून माणूस संपत नाही, "पुढे काय" हा प्रश्न वाईट नाही, उलट तिथूनच काहीतरी निघतं.

निवृत्त_कंपोझिटर

फाळक्यांचं उदाहरण इथे नको. तेव्हा ते तिशीत होते, या मुलीचे वडील मला साठीच्या पुढचे दिसतात. त्या वयात नवीन काय शोधायचं, गुडघ्यांनी ट्रेडल मारणं होत नाही.

मी आयुष्यभर खिळे जुळवले, बडोद्यातच. उलटी अक्षरं डावीकडून वाचायची सवय अजून जात नाही. मला फोटो आवडला नाही, कारण त्यात प्रेस मेलेला दिसतो. आणि सीझनच्या तोंडावर प्रेस मेलेला नसतो. पत्रिकेचा मजकूर आला की त्यात कुलदैवताचं नाव वर घ्यायचं, मग आजी-आजोबांचे आशीर्वाद, मग कोणाचं नाव राहिलं तर मामा रुसतात, हे सगळं बघणारा माणूस कुठल्या अ‍ॅपमध्ये बसलाय? वडिलांनी किती लग्नांतली भांडणं प्रुफातच मिटवली असतील. ते दाखव. एका बाजूला हाताने दुरुस्त केलेलं प्रूफ आणि दुसऱ्या बाजूला छापून आलेली पत्रिका, असा फोटो टाक.

आणि एक सावध करतो. अशा फोटोनंतर सगळ्यात आधी भंगारवाला येतो.

रावपुऱ्याची_लेक

काका, आला. फोनच आला, मशीन किलोवर घेतो आणि खिळे शिशाच्या भावाने.

निवृत्त_कंपोझिटर

शिशाच्या भावाने देऊ नका! खिळ्यांत नुसतं शिसं नसतं, अँटिमनी आणि कथील पण असतं, त्याशिवाय अक्षराची धार टिकत नाही. कथील शिशापेक्षा कितीतरी महाग. आणि देवनागरीचा पूर्ण फाँट, जोडाक्षरांसकट, आता कोणी ओतून देत नाही, केसमधून, म्हणजे खिळ्यांच्या खणांच्या पेटीतून, एकदा गेला की गेला. मशीनचं म्हणशील तर ट्रेडलवर छपाई नाही झाली तरी नंबरिंग, परफोरेशन (फाडायला बारीक भोकं पाडणं), क्रीझिंग (घडीसाठी रेघ दाबणं), छोटं डाय कटिंग (ठरलेल्या आकारात कापणं) होतं. ऑफसेटवालेच ती कामं बाहेर देतात. मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत, जीआयडीसीत, खोकी आणि लेबलवाल्यांकडे चौकशी कर, एक मोटर लावली की पायाने मारायला नको.

फतेहगंज_कॅमेरा

इथल्या फाइन आर्ट्स कॉलेजच्या प्रिंटमेकिंगवाल्या मुलांना पण विचारा, खिळ्यांवर काम करायला त्यांना आवडेल.

मकरपुरा_ट्रेडर

विचारा, पण त्यावर प्रेस चालेल असं धरू नका. मुलं येतील, फोटो काढतील, एखाद-दोन प्रिंट घेतील. लाइटबिल आणि माणसाचा पगार क्रीझिंगच्या कामातून निघेल, काका बरोबर सांगतायत.

माहेर_बडोदा

मला एकच विचारायचंय. सगळे बाबांच्या वतीने बोलतायत, अब्रू काय, कीव काय. वाद झाल्यावर ते स्वतः काय म्हणाले?

रावपुऱ्याची_लेक

ताई, त्यांनी फोटो परत मोठा करून बघितला आणि म्हणाले, फीड बोर्डवर, म्हणजे मशीनला कागद द्यायच्या फळीवर, कागद तिरका ठेवलाय, कोणी ठेवला. मग थोड्या वेळाने म्हणाले, अ‍ॅडव्हान्स मागणाऱ्याला परत दे, घासाघीस करू नको, त्यांच्या घरी लग्न आहे. कागदवाल्याकडे ते स्वतः जाऊन आले. तिथे काय बोलणं झालं ते सांगितलं नाही पण संध्याकाळी टेम्पोतून दोन रीम आले आणि चलनावर उधार लिहिलेलं होतं. दादाशी ते बोलले, माझ्याशी दादा अजून बोलत नाहीये.

ट्रेडरभाऊ, आधी फोन करून मग फोटो टाकायला हवा होता असं तुमचं म्हणणं असेल तर सप्लायरपुरतं मी ते मानते. पण फोटो काढणार नाही आणि खालचे दोन शब्द पण नाही. तो प्रश्न मी बनवलेला नाही, बाबा रोज जेवताना विचारतात, भाजी वाढता वाढता, आणि आमच्याकडे कोणी उत्तर देत नाही. पेजवर निदान काकूंनी दिलं, काकांनी दिलं.

काका, तुमचा प्रुफाचा फोटो करते. एका प्रुफावर बाबांनी लाल शाईने वधूच्या आजीचं नाव वर घेतलंय, तेच घेते. आणि मकरपुऱ्याला सोमवारी जाते, क्रीझिंगचे हजारी काय रेट चाललेत कोणाला माहीत असतील तर सांगा.

मकरपुरा_ट्रेडर

रेट फोनवर सांगणार नाहीत, सॅम्पल मागतील. दोन-तीन जाडीच्या बोर्डावर क्रीझ मारून घेऊन जा, तीनशे जीएसएमचा (चौरस मीटरला तीनशे ग्रॅम वजनाचा) एक तरी ठेव. घडी घातल्यावर कडेला कोटिंग फुटलं तर काम देत नाहीत. फोटोबद्दल माझं मत तेच आहे.

दांडियाबझारच्या_काकू

आणि माझंही. सोमवारी जाताना बाबांना बरोबर घेऊन जा, मशीनबद्दल विचारलेलं तेच नीट सांगतील.