नंदेसरीच्या रसायन कारखान्यात नवी नोकरी: पहिल्या आठवड्यात सुरक्षेविषयी नेमके काय समजून घ्यावे?

प्रश्न (नवी कर्मचारी, गुणनियंत्रण प्रयोगशाळा, बडोदे)

सर्व ज्येष्ठांना नमस्कार. रसायनशास्त्रातील पदवी घेऊन मी नुकतीच नंदेसरी औद्योगिक वसाहतीतील एका मध्यम आकाराच्या कारखान्यात रुजू झाले आहे. पहिल्या दिवशी आम्हा नव्या मुलामुलींना एका खोलीत बसवून तासाभराची चित्रफीत दाखवण्यात आली, हेल्मेट, सुरक्षा बूट व चष्मा देण्यात आला आणि ‘सुरक्षा प्रशिक्षण मिळाले’ या मजकुराखाली आमच्या सह्या घेण्यात आल्या. चित्रफितीतला कारखाना दुसराच कोणतातरी होता. आमचे रिॲक्टर, आमची रसायने, आमचे जिने आणि दरवाजे त्यात कुठेच नव्हते.

माझे काम मुख्यतः प्रयोगशाळेतले असले, तरी प्रत्येक पाळीत नमुने आणण्यासाठी प्लांटमध्ये जावेच लागते. तिथले ऑपरेटर प्रेमाने ‘बेन, साचवीने’ म्हणतात, परंतु नेमके कशापासून सांभाळायचे, हे कोणी सांगत नाही, कारण त्यांना ते इतके अंगवळणी पडले आहे की ते सांगावे लागेल असे त्यांच्या मनातही येत नाही. ज्याचा सुरक्षा विभागाशी संबंध नाही अशा साध्या कर्मचाऱ्याला किमान कोणत्या गोष्टी माहीत असायला हव्यात आणि त्या विचारताना आगाऊपणा वाटू नये यासाठी कोणाकडे, कशा रीतीने जावे? अनुभवी मंडळींनी सविस्तर लिहिल्यास मी आभारी राहीन.

उत्तर १ (निवृत्त सुरक्षा अधिकारी, मांजलपूर)

आपण सही केल्यावरही प्रश्न विचारलात, हे फार चांगले झाले. त्या सहीमुळे कंपनीचा कागद पूर्ण होतो. आपले प्रशिक्षण मात्र आपल्या जागेवर, आपल्या रसायनांसह व्हायला हवे आणि ते मागणे हा आगाऊपणा मुळीच नाही. आपल्या पाळीच्या प्रमुखांना एवढेच म्हणा, “साहेब, मला नमुना घेण्याच्या प्रत्येक ठिकाणी एकदा बरोबर घेऊन जा आणि तिथे काय बिघडू शकते ते सांगा.” चांगला पाळीप्रमुख याला कधी नाही म्हणत नाही, असा माझा अनुभव आहे.

त्या फेरीत आपल्या टेबलापासून बाहेर पडण्याचे दोन वेगवेगळे मार्ग प्रत्यक्ष चालून पाहा, कारण धूर किंवा वायू पसरला की नेहमीचाच दरवाजा बंद झालेला असू शकतो. डोळे धुण्याचे नळ आणि सेफ्टी शॉवर कुठे आहेत ते नुसते पाहू नका, तर पॅडल दाबून पाणी येते का, ते स्वच्छ आहे का आणि वाटेत कोणी ड्रम रचून ठेवले नाहीत ना, हेही पाहा. डोळ्यांत आम्ल किंवा अल्कली गेलेला माणूस त्या नळापर्यंत डोळे मिटून, चाचपडत पोहोचणार असतो, हे लक्षात घेतले की वाटेतल्या एका ड्रमचे महत्त्व कळते.

प्रत्येक रसायनाची सुरक्षा माहितीपत्रिका असते. लोक तिला एसडीएस म्हणतात. तिचे १६ भाग असतात आणि ते सगळे पाठ करण्याची गरज नाही. दुसऱ्या भागात धोके, चौथ्यात प्रथमोपचार, आठव्यात संरक्षक साधने आणि दहाव्यात कोणत्या पदार्थाशी संपर्क टाळावा याची माहिती असते. आपण रसायनशास्त्र शिकलेल्या असल्याने दहावा भाग आपल्याला इतरांपेक्षा लवकर उमगेल. तो वाचून प्रयोगशाळेतल्या कपाटात एकमेकांशेजारी काय ठेवले आहे ते एकदा तपासा. ऑक्सिडायझर (आग भडकवणारी रसायने) आणि ज्वलनशील द्रावके एकाच फळीवर ठेवलेली मी अनेक ठिकाणी पाहिली आहेत.

आता नमुन्याविषयी, आणि हे कृपया अतिशय गांभीर्याने घ्या. रिॲक्टरच्या मॅनहोलवर वाकून आत डोकावू नका. ज्वलनशील द्रावकांच्या वाफा पेटू नयेत म्हणून अनेक रिॲक्टरांत नायट्रोजन सोडलेला असतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि तो विषारीही नाही; तो केवळ प्राणवायूची जागा घेतो. हवेत प्राणवायू सुमारे २०.९ टक्के असतो आणि तो १९.५ टक्क्यांच्या खाली गेला तर त्या जागेत श्वसनयंत्राशिवाय जाऊ नये, असा नियम अनेक ठिकाणी पाळला जातो. जवळजवळ शुद्ध नायट्रोजनमध्ये एक-दोन श्वासांत शुद्ध हरपते आणि त्याआधी गुदमरल्याची जाणीवसुद्धा होत नाही, कारण ती जाणीव प्राणवायू कमी झाल्याने होत नसून शरीरात कार्बन डायऑक्साइड साठल्याने होते. हायड्रोजन सल्फाइडचीही अशीच फसवणूक आहे. कुजक्या अंड्यासारखा वास प्रारंभी येतो, पण प्रमाण वाढले की घ्राणशक्तीच बधिर होते आणि वास गेला म्हणजे वायू गेला असे वाटू लागते.

टाकीत, गटारात किंवा खड्ड्यात कोणी पडलेला दिसला, तर त्याच्यामागे उतरू नका. मदतीला गेलेला दुसरा आणि दुसऱ्याच्या मदतीला गेलेला तिसरा, असे एकामागून एक बळी जाण्याच्या घटना आपल्या देशात वारंवार घडल्या आहेत. ओरडा, अलार्म वाजवा, आणि श्वसनयंत्र घातलेली प्रशिक्षित माणसे येईपर्यंत स्वतः बाहेर थांबा. हे करायला मन धजत नाही, म्हणूनच ते आधी ठरवून ठेवावे लागते.

वायुगळतीचा सायरन झाला, तर सगळ्यांत आधी छतावरचा, वाऱ्याची दिशा दाखवणारा कापडी मोजा पाहा. गळतीचा ढग ज्या दिशेने सरकत आहे, त्या दिशेने पळू नका. वाऱ्याला आडवे चालत ढगाच्या पट्ट्याबाहेर या आणि मग असेंब्ली पॉइंट, म्हणजे सगळ्यांनी जमायची ठरलेली जागा, गाठा. क्लोरीन हवेच्या सुमारे अडीच पट जड असल्याने जमिनीलगत आणि खोलगट भागांत साठतो, त्यामुळे त्या वेळी तळघरात किंवा नाल्यात आसरा घेणे घातक ठरते.

भोपाळचा उल्लेख केल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. १९८४ च्या २ व ३ डिसेंबरच्या मधल्या रात्री मिथाइल आयसोसायनेट या विषारी रसायनाच्या टाकीत पाणी शिरले, तेव्हा शीतकरण यंत्रणा बंद होती, वायू जाळण्याचा मनोरा जोडलेला नव्हता, आणि डोळे चुरचुरत असल्याचे कामगारांच्या लक्षात आल्यानंतरही मौल्यवान वेळ गेला. त्याच कारखान्यात १९८१ च्या डिसेंबरात फॉस्जीन या विषारी वायूमुळे एका कामगाराचा मृत्यू झाला होता. म्हणजे इशारे मिळाले होते. डोळे चुरचुरणे, डोके जड होणे, नेहमीपेक्षा वेगळा वास येणे यांपैकी काहीही जाणवले तर ते त्याच क्षणी नियंत्रण कक्षाला कळवावे. ‘इथे असा वास येतोच’ हे उत्तर कृपया स्वीकारू नका.

उत्तर २ (देखभाल विभागातील फिटर, मकरपुरा)

वरचे उत्तर मनापासून पटले. पण मी यंत्रांवर काम करणारा माणूस आहे आणि यंत्राच्या बाजूने एक गोष्ट सांगणे मला आवश्यक वाटते. हेल्मेट आणि बूट ही सगळ्यात शेवटची तटबंदी आहे, पहिली नव्हे. आधी धोका काढून टाकता येतो का, मग त्याला झाकता येते का, मग कामाची पद्धत बदलता येते का, हे पाहायचे, आणि हे सगळे करून जो धोका उरेल त्यासाठी हेल्मेट. आपल्याकडे प्रशिक्षणाची सुरुवात हेल्मेट वाटपापासून होते, त्यामुळे नवीन माणसाची समजूतही तशीच होते.

यंत्र बंद आहे याचा अर्थ ते सुरू होणार नाही असा होत नाही. मिक्सर साफ करायला माणूस आत हात घालतो आणि दुसऱ्या टोकाला पॅनेलपाशी उभा असलेला माणूस काहीही माहीत नसल्याने बटण दाबतो. म्हणून आमच्या खात्यात पद्धत अशी आहे की पॅनेलमधला मुख्य आयसोलेटर (वीज तोडणारा खटका) फिरवायचा, त्याच्या भोकातून स्वतःचे कुलूप घालायचे, स्वतःच्या नावाची पाटी लटकवायची आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवायची. चार माणसे काम करत असतील तर चार कुलपे लागतात. एकाने सर्वांच्या वतीने कुलूप लावणे चालत नाही. यानंतर यंत्राजवळ येऊन मुद्दाम सुरू करायचे बटण दाबून पाहायचे. यंत्र हलले नाही, तरच हात पुढे जातो. हे बटण दाबून पाहण्याचे काम अनेक जण टाळतात आणि नेमकी त्याच दिवशी वायर चुकीच्या पॅनेलची निघते. वीज गेली तरी पाइपात दाब असतो, उचललेला बोजा खाली येऊ शकतो, ताणलेली स्प्रिंग सुटू शकते, हेही ध्यानात ठेवावे लागते.

ताई, आपण नमुना घ्यायला याल तेव्हा कुठल्याही कपलिंगवर, पट्ट्यावर किंवा साखळीवर जाळी नसेल, तर त्या बाजूने जाऊ नका आणि तसे ऑपरेटरला सांगा. ओढणी, मोकळे केस, सैल बाह्या आणि गळ्यातील ओळखपत्राची दोरी फिरणाऱ्या शाफ्टजवळ नकोत. हातमोज्यांबद्दलही एक सांगतो: रसायन हाताळताना ते हवेतच, पण ड्रिल मशीन किंवा लेथवर ते घालू नयेत, कारण मोजा अडकला की बोट सुटत नाही.

आणि कुठे वेल्डिंग चालू असेल तर परवाना कागदावर आहे एवढ्यावर समाधान मानू नका. परवान्यावर सही करणाऱ्याने ती जागा स्वतः पाहिली आहे का, अग्निशामक शेजारी ठेवला आहे का आणि काम संपल्यानंतर ठिणग्यांवर लक्ष ठेवायला माणूस थांबणार आहे का, हे आपणही विचारू शकता.

उत्तर ३ (औद्योगिक आरोग्य केंद्रातील परिचारिका, बडोदे)

अपघातानंतरच्या पहिल्या काही मिनिटांत सहकाऱ्यांनी काय केले, यावर पुष्कळ काही ठरते. डोळ्यांत रसायन गेल्यास पापण्या बोटांनी उघड्या धरून निदान १५ मिनिटे वाहत्या पाण्याने डोळा धुवावा. ‘आता बरे वाटते’ असे जखमी म्हणाला तरी थांबू नये आणि आम्लावर उतारा म्हणून सोड्याचे पाणी मुळीच घालू नये. अंगावर सांडल्यास शॉवरखाली उभे राहून कपडे काढावेत. लाजेपोटी कपडे अंगावर ठेवल्याने भाजणे वाढत जाते, म्हणून तिथे पडदा आणि जादा कपडे ठेवण्याचा आग्रह विशेषतः महिला कर्मचाऱ्यांनी धरावा, असे मला मनापासून वाटते. आपल्याकडे हायड्रोफ्लोरिक आम्ल वापरले जात असेल, तर कॅल्शियम ग्लुकोनेटची जेल कुठे ठेवली आहे ते पहिल्याच दिवशी विचारून घ्या, कारण त्या आम्लासाठी नुसते पाणी पुरत नाही.

साध्या भाजण्यावर २० मिनिटे वाहते गार पाणी घालावे. हळद, टूथपेस्ट किंवा तूप लावलेली जखम रुग्णालयात पुन्हा खरवडून साफ करावी लागते. बोट तुटल्यास ते ओलसर स्वच्छ कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत बंद करावे आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवावी. बोटाला बर्फ थेट लागू देऊ नये. जखमीबरोबर १०८ च्या रुग्णवाहिकेत रसायनाच्या माहितीपत्रिकेची प्रत अवश्य पाठवावी, म्हणजे डॉक्टरांचा अंदाज बांधण्यात वेळ जात नाही.

छोटी जखमही नोंदवहीत लिहावी. पुढे ती चिघळली, तर कर्मचारी राज्य विमा योजनेतील (ईएसआय) लाभ मागताना ती नोंद उपयोगी पडते.

प्रश्नकर्तीची पुढची शंका

तिघांचेही मनःपूर्वक आभार. काल मी डोळे धुण्याचा नळ उघडून पाहिला, तेव्हा सुरुवातीला तांबूस पाणी आले; ते मी प्रमुखांच्या कानावर घातले आहे. एक शंका राहते. पोती उतरवणाऱ्या कंत्राटी बायकांना तोंडाला बांधायला फक्त ओढणी असते. मी कंपनीची कायम कर्मचारी असताना त्यांच्याविषयी बोलण्याचा अधिकार मला आहे का? आणि बोलल्यास माझ्यावर राग धरला गेला तर?

उत्तर ४ (कामगार कायद्याचे सल्लागार, रावपुरा)

अधिकार निश्चित आहे. भोपाळनंतर १९८७ मध्ये कारखाने अधिनियम, १९४८ मध्ये धोकादायक प्रक्रियांविषयीचे स्वतंत्र प्रकरण जोडण्यात आले, आणि त्यातून कामगारांना धोक्याची माहिती मिळवण्याचा तसेच नजीकच्या धोक्याबद्दल इशारा देण्याचा हक्क मिळाला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेतही हा हक्क कायम आहे. गंभीर इजेची वाजवी भीती वाटल्यास कर्मचारी ती मालकाच्या थेट किंवा सुरक्षा समितीच्या सदस्यामार्फत निदर्शनास आणू शकतो आणि त्याच वेळी निरीक्षकालाही कळवू शकतो. कारखान्याच्या आवारातील धोक्यापासून संरक्षण देण्याची मालकाची जबाबदारी हजेरीपट कंत्राटदाराकडे आहे म्हणून संपत नाही.

राग येण्याची भीती अनाठायी आहे असे मी म्हणणार नाही. म्हणून व्यक्तीविषयी नव्हे, तर जागेविषयी लिहावे. “अमुक शेडमध्ये पोती उतरवताना अमुक रसायनाची भुकटी उडते, त्याच्या माहितीपत्रिकेच्या आठव्या भागात विशिष्ट प्रकारचा श्वसनमास्क सांगितला आहे आणि तो तिथे उपलब्ध नाही,” असे दोन ओळींचे, तारखेसह पत्र गुजरातीत लिहून सुरक्षा समितीच्या कामगार प्रतिनिधीच्या हाती द्यावे आणि पोच घेतलेली एक प्रत आपल्याजवळ ठेवावी. समितीच्या पुढच्या बैठकीच्या इतिवृत्तात ते नोंदले गेले का, हे त्याच प्रतिनिधीला विचारावे. नोंद झाली नसेल, तर औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे त्याच पत्राची प्रत पाठवता येते. त्या बायकांनाही त्या रसायनाचे नाव आणि ते श्वासावाटे गेल्यास काय होते, हे त्यांच्या भाषेत सांगावे. दाहोदकडच्या असतील तर भिलीत सांगू शकणारी एखादी जाणती कामगार शोधावी.